मागचा पाटा

घाटनांदूरच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना गाड्यांच्या गप्पा निघाल्या की पहिला सवाल ठरलेला असतो. किती हॉर्सपॉवर? नवा ट्रॅक्टर कुणी आणला, जुना पिकअप कुणी घेतला, भंगारातलं इंजिन कुणी कुठून उचललं, सगळ्यांचं मोजमाप घोड्यांत चालतं. पंचावन्नचा, साठचा, पासष्टचा. मागचे पाटे कसे आहेत, ब्रेक कसा लागतो, हे कुणी विचारत नाही. सोयरीक जमवताना जमीन किती एकर हे सगळेच विचारतात. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हे एखादाच म्हातारा विचारतो. त्यातलाच हा प्रकार.

हे घोड्यांचं माप अठराव्या शतकात जेम्स वॅटनं रूढ केलं. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं होती घोडे वापरणारी. त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं, तर तुमच्या इतक्या घोड्यांचं काम हे एकटं करील, असंच सांगावं लागणार. आजच्या हिशेबानं एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आपल्या बैलाची ताकद ढोबळमानानं अर्ध्या हॉर्सपॉवरची धरतात. म्हणजे बैलजोडी एक हॉर्सपॉवर. साठ हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे साठ बैलजोड्या. एका गाडीला साठ जोड्या जुंपायचं कुणी ठरवलं असतं, तर गावातल्या शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, गाडीची दांडी राहील का जागेवर? इंजिन टोपणाखाली झाकलेलं असतं, म्हणून त्याच्याबाबतीत हा सवाल कुणाला सुचत नाही.

मला या लेखात तोच सवाल घोळायचा आहे. माणसानं आपल्या हातानं, थोड्या पैशात, मोठ्या ताकदीची गाडी बनवावी का? आणि बनवली, तर तिच्या मागच्या अंगाचा जिम्मा कुणाचा?

आधी जुनं सांगतो. माझ्या लहानपणी आमच्याकडं लाकडी चाकाची गाडी होती. तिला पाटे नव्हते. आख सरळ साट्याखाली बसवलेला; खड्डा आला की धक्का आखातून साट्याला आणि साट्यातून माणसाच्या मणक्याला. पण बैलांची चाल ताशी चार किलोमीटरच्या आसपास. धक्का बसायचा, हाडं खिळखिळी व्हायची, पण गाडी उधळून माणसं मेली असं फार कमी. पुढं टायरची गाडी आली, तिला लोक डनलॉप म्हणत. हवेच्या टायरनं बैलांचाही भार हलका झाला.

ती गाडी बनवणारा सुतार गावातलाच. चाकाला धाव चढवणारा लोहारही गावातलाच. धाव चढवताना आम्ही पोरं बघत उभे राहायचो. लोखंडाचं कडं लाल करायचं, चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आवळून लाकडाला मिठी मारायचं. सुताराला पैसे मिळत नव्हते, सुगीला बलुतं मिळायचं. बलुत्यात अन्याय होता, मानापमान होता, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण त्यात एक गोष्ट आपोआप घडायची. चाक मोडलं तर ते त्याच सुताराच्या दारात यायचं. ज्याची गाडी घाटात बसली, तो दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर बसलेला असायचा. बनवणारा आणि बसणारा एकमेकाला ओळखायचे, आणि चाकात कुठं काय आहे हे दोघांना दिसायचं.

आता गाड्या बनतात चौकातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात. रोख पैसे, दोन दिवसांत काम, वर रंग. रंगाखाली काय आहे, ते बनवणाराला ठाऊक. घेणाराला ठाऊक नसतं, आणि मागं बसणाराला तर नाहीच नाही.

आमच्या घरात ही गोष्ट आली ती पुतण्याच्या रूपानं. पोरगा आयटीआय झालेला, हात सोन्याचा. त्याला रानात जायला, कडबा, खत, दुधाचे कॅन न्यायला चार चाकांचं काहीतरी पाहिजे होतं. नव्या पिकअपची किंमत विचारून आला आणि दोन दिवस बोलला नाही. मग एक दिवस भंगारातून जुन्या जीपचा सांगाडा आला, मागचा आख आला आणि त्यापाठोपाठ एका अपघातातल्या पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन आलं. साठीच्या वरची ताकद. जीपचं मूळ इंजिन याच्यापेक्षा पुष्कळ कमी ताकदीचं होतं.

मी गोठ्याकडं जाता जाता विचारलं, "काय करायलास रे?"

"तात्या, गाडी करायलोय. लाखाच्या आत बसती बघा."

"आन मागचं?"

"मागचं काय, ट्रकचा एक पाटा मिळालाय. तुकडा कापून वेल्डिंग मारतो. कितीबी वजन टाका, वाकायचं नाही."

वाकायचं नाही, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. माझ्या मनात तिथंच खटकलं. मी दहावी शिकलेला माणूस, इंजिनियर नाही. पण कामठ्याचा बाक कशासाठी असतो, एवढं शेतकऱ्याला कळतं. जे वाकत नाही ते मोडतं. त्याला मी म्हटलं, हात लावू नको, आधी अंबाजोगाईला पाटे बसवणाऱ्या जुन्या मिस्त्रीला विचारून येऊ. हायवेला ‘कमान पाटे’ अशी पाटी लावून बसलेली ही माणसं आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीखाली असतात. त्यांना कुणी गाडीचं इंजिन दाखवत नाही. म्हणून मागचं त्यांनाच जास्त ठाऊक.

मिस्त्रीनं चहा पाजला आणि दोन तास आम्हाला शिकवलं. ते मी जसं समजलो तसं इथं मांडतो, कारण हे माहीत असल्याशिवाय पुढचा नीतीचा सवाल नीट उभाच राहत नाही.

लोकांना वाटतं, पाटे म्हणजे बसणाराला धक्का लागू नये म्हणून केलेली सोय. ते त्यांचं सगळ्यात लहान काम. पाट्याचं मोठं काम चाक जमिनीला धरून ठेवण्याचं. खड्ड्यावरून उडालेलं चाक हवेत असतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, वळणही लागत नाही. आणि तिसरं काम आखाला जागेवर धरण्याचं. इंजिनाचा सगळा जोर शेवटी मागच्या चाकांतून जमिनीला लागतो आणि तिथून गाडीला पुढं ढकलतो. तो जोर गाडीच्या सांगाड्याला मिळतो कुठून? जीपसारख्या गाडीत पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून. म्हणजे सगळे घोडे त्या एका बुशला आणि एका बोल्टला जुंपलेले असतात.

ताठपणाचं गणित त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. पाच पाट्यांत तसाच एक पूर्ण लांबीचा पाटा वाढवला, तर कमान साधारण पाचव्या हिश्श्यानं ताठ होते. पण पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन. दीडपट जाडीचा ट्रकचा एक पाटा हा जीपच्या तीन पाट्यांपेक्षा जास्त ताठ. हलक्या गाडीला तो लावला की गाडीला पाटे नसल्यासारखंच. रिकामी गाडी खडीवर मागून उड्या मारणार, आणि साठ घोड्यांची ताकद अशा उडत्या चाकाला देणं म्हणजे बुजऱ्या बैलाच्या शेपटीला डबा बांधणं.

वेल्डिंगचं त्यानं विळ्यावरून समजावलं. आपण लोहाराकडून विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देऊन घेतो. धार त्या पाण्यात असते. तापवून, ठरल्या पद्धतीनं थंड करून लोखंडाला तो गुण आणलेला असतो. पाट्याचं पोलादही तसंच गुण आणलेलं. त्यावर वेल्डिंगचा डाग दिला की त्या जागचा गुण जातो. डागाशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. ती आज मोडत नाही. दोन महिने चालते, भरवसा देते, आणि भरल्या गाडीनं एखाद्या खड्ड्यात सोडून देते. म्हणून पाट्याला कधीही वेल्डिंग नाही, तापवून बाक देणं नाही, मधे नवीन भोक पाडणं नाही. पाटा पाहिजे तसा विकत घ्यायचा. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुशही नवीनच.

मग दोन टोकांचं. पाटा दबला की लांबीला वाढतो. धनुष्य सरळ केलं की दोन टोकं लांब जातात, तसं. म्हणून एक टोक पक्कं आणि दुसरं शॅकलवर झुलतं ठेवायचं असतं. हौशी लोक दोन्ही टोकं पक्की ठोकतात. मग पाट्याला जागाच राहत नाही आणि सगळा धक्का ब्रॅकेट उपटून काढतो. ब्रॅकेटही सांगाड्याच्या पातळ पत्र्यावर नुसतं चिकटवायचं नाही. जाड पट्टी घालून भार पसरवायचा.

मोठ्या ताकदीचा खास धोका त्यानं शेवटी सांगितला. चाक पुढं फिरतं तेव्हा आखाचं हाऊसिंग उलट मागं फिरायला बघतं. ओला टॉवेल पिळताना एक हात फिरतो तेव्हा दुसऱ्या हातानं धरून ठेवावं लागतं, ते धरण्याचं काम पाट्याचं. लहान इंजिनाला तो धरतो. मोठ्या इंजिनानं एकदम जोर दिला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वेडावाकडा होतो, मग सुटतो, परत होतो. चाक जमिनीवर थाडथाड उड्या मारतं, शाफ्टचे क्रॉस तुटतात. त्याला उपाय हाऊसिंगपासून सांगाड्यापर्यंत रबरी बुशांचा एक जोरदार रॉड. तो असा बसवायचा, की आखाला पीळ पडू नये पण वरखाली हलायला अडचण होऊ नये. आणि वरच्या हद्दीला रबराचे गट्टू, म्हणजे भरल्या गाडीत आख सांगाड्यावर आपटत नाही. ब्रेकचा पाइप आख पूर्ण खाली लोंबला तरी ताणला जाणार नाही, एवढा मोकळा.

पुतण्या म्हणाला, "मिस्त्री, इंजिन बसवायला मला चार दिवस लागले. तुम्ही सांगताव ते करायला महिना जाईल."

मिस्त्री म्हणाला, "जाऊ दे की. इंजिन फक्त पळायचं काम करतंय. बाकी सगळं मागंच हाय."

तो महिना गेला. आख सांगाड्याला काटकोनात बसला का हे त्यांनी दोरीनं बघितलं, दोन्ही बाजूंनी कर्णाची मापं सारखी येईपर्यंत. गवंडी पायाची आखणी करतो तसंच. गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकच्या भरवशावर झोपायचं नाही, चारही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यायचे, हे मी बजावलं आणि ठोकळे मीच कापून दिले. गाडी उभी राहिल्यावर आधी रिकामी, मग अर्ध्या वजनाची वाळूची पोती टाकून, मग पूर्ण, अशी रानातल्याच वाटेवर हळूहळू चालवली. प्रत्येक फेरीनंतर यू-बोल्टच्या चाक्या परत आवळल्या, कारण नवे पाटे भारानं बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. वेल्डिंगच्या सांध्यांना चिरा पडल्यात का, हे बघायची जुनी रीत आहे. सांधा रॉकेलनं भिजवायचा, वरून पुसून कोरडा करायचा आणि खडूची पूड फासायची. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर बारीक रेघ उमटवतं. एका ब्रॅकेटवर अशी रेघ उमटली. पुतण्यानं ती रेघ बराच वेळ बघितली आणि कुणी न सांगता ते ब्रॅकेट कापून काढलं.

हे सगळं तंत्राचं झालं. आता मूळ सवाल.

मधल्या काळात एकदा चिडून पुतण्या म्हणाला होता, "तात्या, गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा. तुम्हाला काय पडलंय?" हा युक्तिवाद दुबळा नाही. माणसाला आपल्या जिवाशी खेळायचा थोडा हक्क आहेच. विहिरीत उतरून गाळ काढणारा, नारळाच्या झाडावर चढणारा, विजेच्या खांबावर जाणारा, हे सगळे जीव हातावर घेऊनच काम करतात. आपण त्यांना अडवत नाही. मान देतो.

पण गाडीत बसताना कोण कुठं बसतं बघा. बनवणारा पुढं बसतो, स्टिअरिंग धरून. त्याला गाडीची नस माहीत. कुठं जोर द्यायचा नाही, कोणता आवाज आला की थांबायचं, त्याला ठाऊक. मागं बसते त्याची आई, बायको, शाळेला निघालेली पोरगी, वाटेत हात केलेला गावातला म्हातारा. पाटा तुटला तर त्यांच्या खालचा तुटतो. आणि समोरून मोटारसायकलवर येणारा तर या गाडीत बसायलाही आलेला नसतो. त्यानं कशालाच होकार दिलेला नाही.

मागं बसणाऱ्यांनी तरी होकार दिलेला असतो का? वरवर बघितलं तर दिलेला असतो, ते आपल्या पायांनी चढतात. पण ज्या गोष्टीची माहिती नाही तिला दिलेला होकार हा होकार नव्हे. तुझ्या आईला ठाऊक आहे का, की ती ज्या पाट्यावर बसली आहे त्याला मधे वेल्डिंगचा डाग आहे आणि तो आज ना उद्या मोडणार? ठाऊक असतं तर बसली असती का? मी पुतण्याला एवढंच म्हटलं, की आईला बसवायच्या आधी गाडीखाली नेऊन एकेक सांधा दाखव. हा नवा आहे, हा जुना आहे, हा मी जोडलाय, याची मला खात्री आहे, याची नाही. जे तिला तोंडानं सांगता येईल तेवढंच ठेव. जे सांगताना जीभ अडखळेल ते काढून टाक.

मला घरगुती कामाची नीती एवढ्यातच सापडली. घरी बनवणं पाप नाही. लपवणं पाप आहे. आणि लपवणं म्हणजे दरवेळी खोटं बोलणंच असतं असं नाही. बसणाराला विचारायचं सुचत नाही आणि आपण आपणहून सांगत नाही, तेही लपवणंच.

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची जीप सगळ्या देशानं मोबाइलवर बघितली. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या कारागिरानं भंगारातून छोटी चारचाकी बनवली, किक मारून चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या घरात झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं आणि त्याच दमात हेही म्हटलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, रस्त्यावर ती आज ना उद्या अडवली जाईल. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती लोहारांच्या दारात आली.

आमच्याकडं पारावर या गोष्टीचा अर्थ लोकांनी आपापला लावला. कुणी म्हणे, बघा, जुगाडाला बक्षीस. कुणी म्हणे, बघा, गरिबाची गाडी काढून घेतली. मला दोन्ही अर्धवट वाटतं. कौतुक हाताचं होतं आणि अडचण रस्त्याची होती. रस्ता सगळ्यांचा आहे. शेताच्या बांधाच्या आत माझी वस्तू माझी. डांबरावर आल्यावर तिच्यावर दुसऱ्याचाही अधिकार लागतो. कायदाही हेच सांगतो. उत्तरेत पंपाचं इंजिन लावून चालवतात त्या ‘जुगाड’ गाड्यांबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१३ साली सांगितलं, की ही मोटार वाहनंच आहेत, त्यांना मोटार वाहन कायद्याचे सगळे नियम लागू. आणि १९८८ च्या त्या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कारखान्यातून आलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत कोर्टानं हे परत ठासून सांगितलं.

माझ्यासारख्या शेतकऱ्याला कायदा म्हटलं की आधी पावतीपुस्तक आठवतं, राग येतो. पण पावती बाजूला ठेवून विचार केला तर कायदा काय मागतो? दुसऱ्याची नजर मागतो. तुझा हात कितीही चांगला असला तरी तुझ्या कामाकडं तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी बघू दे. जे पूर्वी गावात आपोआप घडायचं, ते आता कागदानं घडवावं लागतं.

शिकलेल्या पोरांचंही असंच आहे. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. इंजिनियरिंगची पोरं एका माणसाची रानातली गाडी स्वतः बनवून तिथं आणतात. आपल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघही असतात. सांगाडा, आख, मागचं-पुढचं सस्पेन्शन, सगळं पोरांच्या हातचं. पण पळायच्या आधी परीक्षक गाडीचा सांधा न् सांधा तपासतात, आणि ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकदम जाम होतात का हे बघतात. नाही झाली, तर गाडी ट्रॅकवर जात नाही, मग इंजिन कितीही चांगलं असो. म्हणजे तिथंही हात आपला आणि डोळा दुसऱ्याचा.

आता जो सवाल मला स्वतःला टोचतो तो. सुरक्षितता ही पैसेवाल्याचीच वस्तू आहे का? ज्याच्याकडं दहा लाख आहेत तो कारखान्यात तपासलेली गाडी घेतो. ज्याच्याकडं लाख आहे त्यानं काय करावं, पायी जावं? आणि नियम सांगणाऱ्या याच समाजाच्या डोळ्यादेखत दर दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर निघतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यात भांडीकुंडी, कोयते, शेळ्या आणि त्यावर बायका-पोरं. पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांपर्यंत रात्रभराचा प्रवास. ट्रॉली ही मालासाठी असते, माणसांसाठी नाही, हे कायद्यात आहेच. पण मुकादमाची उचल घेतलेल्या बाईला कोण विचारणार, की तुझ्या खालच्या ट्रॉलीचे पाटे कुणी बसवले, दुसऱ्या ट्रॉलीला ब्रेक आहे का? ट्रॅक्टरची ताकद वाढत गेली आणि ट्रॉल्या लांब, उंच होत गेल्या. बैलगाडीच्या चार किलोमीटरच्या जागी चाळीसनं पळायचं म्हटलं, तर वेग दहापट होतो; पण आपटण्याचा जोर शंभरपट होतो. तो शंभरपट जोर त्या बाईच्या वाट्याला येतो.

म्हणून गरिबाला जुगाड करू नको म्हणून दटावणारा, आणि त्याच गरिबाला ट्रॉलीवर बघून मान वळवणारा, यांचं मला पटत नाही. पण गरिबी आहे म्हणून मोडकं चालवून घ्या, हेही पटत नाही. गरिबाच्या घरात एकच कमावता असतो. त्याचा पाय मोडला तर पाच माणसं बसतात. ज्याच्याकडं पडायला गादी नाही त्यानंच जास्त जपून चढायचं असतं. थोड्या पैशांत करायचं तर ताकद कमी करा, वेग कमी करा, वजन कमी करा. पाटा, बोल्ट आणि ब्रेक यांत काटकसर करू नका. हे काही श्रीमंती शहाणपण नाही. आमच्या आजीनं लुगडं फाटकं वापरलं असेल, पण विहिरीचा दोर कधी जुना वापरला नाही.

शिवाय आणखी एक फसगत सांगून ठेवतो, ती मी काळ्या-पिवळ्या जीपांच्या काळात फार बघितली. वजन जास्त भरायचं म्हणून पाटे वाढवायचे. गाडी खाली बसत नाही, म्हणून ड्रायव्हरला वाटतं गाडी सोसते. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही, टायर वाढत नाही, आख जाड होत नाही. उलट पूर्वी गाडी मागून बसायची तेव्हा वजन जास्त झालं हे दिसत तरी होतं. वाढवलेल्या पाट्यानं ती खूण पुसून टाकली. माणसाचंही असंच होतं. कर्जावर कर्ज काढून उभा राहिलेला माणूस ताठ दिसतो, म्हणून लोक त्याच्यावर आणखी भार टाकतात.

इस्लामपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांनी २०२२ साली बैलगाडीला जुवाखाली एक जादा चाक लावून दाखवलं, बैलांच्या मानेवरचा भार कमी करायला. ते चाक सगळीकडं चाललं का हा वेगळा विषय. मला त्यांचा सवाल आवडला. गाडी किती पळते हे त्यांनी विचारलं नाही. भार शेवटी कुणाच्या मानेवर पडतो, हे विचारलं. बैल सांगू शकत नाही म्हणून कुणीतरी त्याच्या वतीनं बघावं लागतं. मागं बसणारं लेकरूही सांगू शकत नाही.

पुतण्याची गाडी आज रानात चालते. कडबा वाहते, खत वाहते. तिला नंबर नाही, म्हणून ती डांबरी सडकेवर येत नाही. घरची माणसं बाजाराला एसटीनंच जातात. त्याला याचं वाईट वाटतं, आणि वाटणारच. एवढा हुन्नर असलेल्या पोराला सरळ वाटेनं तपासून घेऊन गाडी रस्त्यावर आणता येईल, अशी सोय तालुक्याच्या पातळीवर असायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. पुण्यात १९६६ पासून गाड्या तपासणारी मोठी संस्था आहे, एआरएआय. पण ती कारखान्यांसाठी. अंबाजोगाईच्या, परळीच्या आयटीआयमध्ये महिन्यातून एक दिवस ट्रॉल्यांचे पाटे, हूक, ब्रेक फुकट बघून दिले, खडू-रॉकेल लावून सांधे तपासून दिले, तरी हंगामाला निघणाऱ्या कितीतरी घरांचं भलं होईल. त्याला फार मोठा खर्च नाही.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावं. कुणाच्याही घरगुती गाडीत, ट्रॉलीत बसायच्या आधी वाकून खाली बघावं आणि विचारावं, पाटे कुणी बसवले? बनवणाऱ्यानं रागावू नये, सांगावं. आणि सांगता येत नसेल, तर त्या दिवशी गाडी काढू नये.